सूक्ष्म कवचधर प्राणी, विदर्भातील गोड्या पाण्याचे : ओळखीचा इतिहास

संधिपाद संघाच्या कवचधर वर्गातील, सामान्यतः अर्धा ते पाच मिमी. लांबीचे, तळी, बोड्या, भातखाचरे व विहिरी यांच्या संथ पाण्यात राहणारे प्राणी. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल, सिंदेवाही, सावली व ब्रह्मपुरी ह्या भातपिकाच्या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव) पुष्कळ आहेत. ढीवर लोक त्यांतून मासे व झिंगे पकडतात. अशा तलावातील झिंगे पाणवनस्पतींसह काचेच्या टाकीत ठेवले, तर त्यांच्याबरोबर नकळत आलेले बारीक प्राणी काही दिवसांतच काचेवर व तळाशी हालताना दिसू लागतात. व्यवहारात त्या सर्वांना ‘पाण्यातले किडे’ असे एकच नाव दिले जाते. प्रत्यक्षात ते अनेक भिन्न गणांतील असतात. त्यांच्यातील भेद ओळखण्याच्या इतिहासात नागपूर-चांदा प्रदेशाला महत्त्वाचे स्थान आहे. केवळ कवचाच्या आकारावरून केलेली ओळख पुरेशी नसते, प्राण्याचा जीवनक्रमही पाहावा लागतो, हे ह्या इतिहासातून स्पष्ट होते.

मुख्य गट : सायक्लॉप्स हा प्राणी थेंबाच्या आकाराचा असून झटके देत पोहतो. त्याच्या डोक्यावर एकच डोळा असतो व मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंस अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. जलपिसू (डॅफ्निया) पारदर्शक असून शृंगिकांच्या फटकाऱ्याने उड्या घेते. ऑस्ट्रॅकोडांचे सर्व शरीर दोन शकलांच्या चुनखडीयुक्त कवचात सामावलेले असते. घेवड्याच्या दाण्यासारखे दिसणारे हे प्राणी तळाशी वेगाने सरकतात. काँकोस्ट्रॅकांचे कवचही द्विशकली असते व ते चिमुकल्या शिंपल्यासारखे दिसते. ऑस्ट्रॅकोड प्राणी प्रत्येक निर्मोचनाच्या वेळी जुने कवच टाकून देतो, तर बहुतेक काँकोस्ट्रॅकांमध्ये जुने कवच कायम राहून त्याच्या कडेला नवी भर पडत जाते. त्यामुळे त्यांच्या कवचावर वाढीच्या समकेंद्री रेषा उमटतात. जीवाश्म ओळखताना ह्या रेषांचा फार उपयोग झाला.

हिस्लॉप यांचे नमुने : स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसार व शिक्षण यांबरोबरच त्यांनी प्रदेशातील खडक, जीवाश्म व आदिवासींच्या चालीरीती यांचा अभ्यास केला. १८५१ मध्ये नागपूरजवळील टाकळी येथे त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांत गोड्या पाण्यातील प्राण्यांचे जीवाश्म मिळाले. हिस्लॉप यांनी खडकांप्रमाणेच आसपासच्या पाण्यातील सजीव कवचधरही गोळा करून इंग्लंडला पाठविले. ब्रिटिश म्यूझीयममधील विल्यम बेअर्ड यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील जवळजवळ वाटोळ्या कवचाच्या एका काँकोस्ट्रॅकाला त्यांनी एस्थेरिया हिस्लॉपाय असे नाव दिले. टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतत असताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरीजवळ ओढ्याच्या पुरात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला.

खडकांतील कवचे : नागपूरच्या दक्षिणेस वर्धा खोऱ्यातील मांगली येथे हिस्लॉप यांना तांबूस वालुकाश्मात एका उभयचराची कवटी मिळाली. रिचर्ड ओएन यांनी १८५५ मध्ये तिचे ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नामकरण केले. त्याच खडकांत काही मिमी. आकाराची असंख्य कवचे होती. रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मधील आपल्या जीवाश्म-एस्थेरियांवरील प्रबंधात त्यांना एस्थेरिया मांगलिएन्सिस हे नाव दिले. प्राणहितेच्या काठी, सध्याच्या गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील कोटा येथील कवचांना त्यांनी त्याच प्रबंधात एस्थेरिया कोटाहेन्सिस असे संबोधिले. कोटा येथील चुनखडकातील माशांचे जीवाश्म त्यापूर्वीच प्रसिद्ध झाले होते. सजीव एस्थेरिया तळी व डबकी यांत राहतात, हे माहीत असल्यामुळे मांगली व कोटा येथील थर समुद्रात नव्हे, तर भूमीवरील जलाशयांत साचले असावेत, ह्या अनुमानास बळकटी आली. मांगलीचे थर सामान्यतः ट्रायासिक व कोट्याचे ज्युरासिक कालखंडातील मानतात. एस्थेरिया हे नाव त्याआधीच एका माशीच्या प्रजातीस दिलेले असल्याने पुढे ते कवचधरांसाठी सोडून द्यावे लागले.

वाळलेला चिखल व जिवंत प्राणी : बेअर्ड यांच्यापुढे परिरक्षित नमुने होते. प्राण्याची जगण्याची रीत त्यांवरून कळण्यासारखी नव्हती. ही उणीव नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ गेओर्ग ओसियान सार्स (१८३७–१९२७) यांनी भरून काढली. दूरदेशच्या तळ्यांचा वाळलेला चिखल मागवून तो काचपात्रातील पाण्यात भिजवावयाचा व त्यातील सुप्त अंड्यांतून निघणारे प्राणी वाढवून पाहावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. ऑस्ट्रेलियातून आलेल्या चिखलातून त्यांच्या पात्रात वाढलेला एक प्राणी बेअर्ड यांच्या नागपूरच्या जातीशी जुळला. इतर काँकोस्ट्रॅकांची अंडी पाण्यात सुटून त्यांतून पोहणारे डिंभ निघतात. ह्या प्राण्याची पिले मात्र मातेच्या कवचातच वाढून प्रौढासारख्या रूपात बाहेर पडत होती. माद्या नराशिवायच प्रजनन करीत होत्या. ही लक्षणे काँकोस्ट्रॅकांपेक्षा जलपिसूशी जवळीक दाखविणारी होती. म्हणून १८८७ मध्ये सार्स यांनी सायक्लेस्थेरिया ही नवी प्रजाती स्थापन केली व नागपूरचा प्राणी सायक्लेस्थेरिया हिस्लॉपाय ठरला. जलपिसूंच्या उत्क्रांतीच्या चर्चेत त्याला तेव्हापासून मध्यवर्ती स्थान मिळाले. आधुनिक आनुवंशिक अभ्यासानेही हे नाते पुष्ट केले आहे.

नावांचा फेरविचार : सायक्लेस्थेरिया हिस्लॉपाय ही उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरलेली एकच जाती आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१३ मध्ये मार्टिन श्वेंटनर व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या आनुवंशिक तुलनेत, दिसण्यात सारख्या परंतु क्रिटेशस कालखंडापासून विभक्त होत आलेल्या अनेक जाती ह्या एका नावाखाली एकत्र झाल्याचे आढळले. नामकरणाच्या नियमानुसार मूळ नाव मूळ स्थळाच्या प्राण्याकडे राहते. त्यामुळे इतर खंडांतील प्राण्यांची नावे ठरविताना नागपूर प्रदेशातील प्राणी हाच तुलनेचा आधार होय. ऑस्ट्रॅकोडांच्या बाबतीतही असेच घडले. माल्कमसन यांनी दक्षिण ट्रॅप प्रदेशातून गोळा केलेल्या जीवाश्मांतील एका कवचाला सॉवर्बी यांनी १८४० मध्ये सायप्रिस सबग्लोबोजा हे नाव दिले. पुढे भारतातील एक सजीव जातीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. २००३ मध्ये व्हॉटली, बाजपेयी व व्हिटकर यांनी कवचांची बारकाईने तपासणी करून जीवाश्म निराळ्या प्रजातीचा असल्याचे दाखविले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर केवळ बाह्य साम्यामुळे पुसले गेले होते.

ओळखीचे व्यावहारिक महत्त्व : साम्यावरून काढलेल्या अनुमानाचा प्रश्न नारूच्या बाबतीत जीवनमरणाशी निगडित होता. मुंबईच्या तळ्यांतील स्पंज व सूक्ष्म जीव यांचे अभ्यासक, लष्करी डॉक्टर हेन्री जॉन कार्टर (१८१३–९५) यांनी तळ्यातील सूक्ष्म कृमी व नारूची पिले यांतील सारखेपणा पाहून, हे कृमीच त्वचेतून शरीरात शिरत असावेत, असे मत मांडले. अलेक्सेई फेदचेंको यांनी १८७० मध्ये तुर्कस्तानात नारूचे डिंभ सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढताना प्रत्यक्ष पाहिले. १९१३ मध्ये मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (नंतरची हाफकिन संस्था) डी. ए. तुरखुड यांनी संसर्गित सायक्लॉप्स पोटात गेल्याने माणसाला नारू होतो, हे स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवरील प्रयोगाने सिद्ध केले. रोग त्वचेतून येत नसून पिण्याच्या पाण्यातून येतो, हे कळल्यावर उपायही सोपा झाला. सायक्लॉप्स दाट कापडातून पार होत नाही. पाणी गाळणे, पायविहिरींचे रूपांतर करणे व पाण्यात सायक्लॉप्सनाशक घालणे ह्यांवर भारताची १९८३ पासूनची निर्मूलन मोहीम आधारलेली होती. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये आढळला व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

अभ्यासाची दिशा : १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाल्यावर नमुने ओळखीसाठी परदेशी पाठविण्याची गरज कमी झाली. ओळखीची प्राथमिक साधने मात्र साधीच आहेत : काचपात्र, भिंग, तळ्याचा मूठभर चिखल आणि दररोजचे निरीक्षण. टाकीतील अनोळखी प्राण्याची हालचाल, कवचावरील रेषा, अंडी वाहण्याची रीत व पिलांचे रूप ह्या चार गोष्टी नोंदविल्यास त्याचा गण बहुधा ठरविता येतो. जाती ठरविण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली उपांगांची तपासणी आवश्यक असते. तलाव गाळाने भरणे, बुजविले जाणे किंवा त्यांत कीटकनाशके उतरणे ह्यांमुळे हे प्राणी नाहीसे होऊ शकतात. मूल-नागपूर भागातील लहान तलाव व बोड्या सिंचन आणि मासेमारी यांसाठी उपयुक्त आहेतच. शिवाय ज्या प्राण्यांच्या आधारे जगभरच्या नमुन्यांची नावे ताडून पाहावयाची, ते ह्याच प्रदेशाच्या पाण्यातील असल्याने त्या तलावांचे रक्षण शास्त्रीय दृष्ट्याही आवश्यक ठरते.