दारावर बदलणारी नावे



1960 पूर्वी शहाद्यास जन्मलेल्या एखाद्या गृहस्थाचा जुना दाखला घ्या. त्यावर जिल्हा 'पश्चिम खानदेश' असा असावयाचा. 1906 साली खानदेशाचे दोन भाग झाले; धुळे हे पश्चिमेचे ठाणे आणि जळगाव हे पूर्वेचे. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास या जिल्ह्यांना धुळे व जळगाव ही नावे मिळाली, आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. आता एखाद्या कारकुनाने 'पश्चिम खानदेश' दिसेल तेथे 'धुळे' लिहिण्याचा सपाटा लावला, तर आमचे शहाद्याचे गृहस्थ भलत्याच जिल्ह्यात जाऊन पडतील. कारण शहादे आज नंदुरबारात आहे. नाव बदलून लिहिणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे, एवढे ध्यानात ठेवून आपण आजच्या विषयाकडे वळू.

संगणकाच्या जाळ्यात शिरताना आपण नाव आणि पासवर्ड देतो. दिलेले नाव सर्व्हर कित्येकदा आहे तसे घेत नाही. ते बदलून घेतो आणि मग यादीत शोधतो. ही चाल कशी पडली?

आरंभी तिची गरजच नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत 1960 च्या दशकाच्या प्रारंभी फर्नांडो कोर्बाटो यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत उभी केली. प्रत्येकाच्या फायली निराळ्या राखाव्यात म्हणून पासवर्ड आला. परंतु संगणक एक, यादी एक आणि दारही एकच होते.

पुढे दारे वाढली. मिशिगन राज्यातील मेरिट या शैक्षणिक जाळ्यात गावोगावचे लोक टेलिफोनवरून शिरत. प्रत्येक गावच्या दारावर साऱ्यांची यादी ठेवणे अशक्य होते. म्हणून 1991 साली लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने 'रेडियस' नावाची पद्धत काढली. तिच्यात दरवान आणि कारभारी असे दोन भाग केलेले आहेत. दारावरचे यंत्र नाव-पासवर्ड विचारते आणि दूरच्या सर्व्हरकडे पाठविते. यादी सर्व्हरजवळ असते आणि 'येऊ द्या' किंवा 'येऊ देऊ नका' एवढे तो सांगतो. जानेवारी 1997 मध्ये ही पद्धत इंटरनेटच्या नियमपत्रांत दाखल झाली. आपल्याकडे विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वांस खुले केले. टेलिफोनला जोडलेल्या मोडेमची ती किरकिर ज्यांनी ऐकली, त्यांना नाव-पासवर्ड देऊन आत शिरण्याचा तो सोहळा आठवत असेल.

नंतर निराळीच अडचण उभी राहिली. एका संस्थेचा मनुष्य परगावी दुसऱ्या संस्थेच्या दारात उभा राहिला, तर त्याची ओळख कोणी पटवावी? 1999 च्या जानेवारीत त्यावर नियम झाला. नावापुढे अॅटचे चिन्ह घालावे आणि त्यापुढे आपल्या संस्थेचे नाव लिहावे. हा पोस्टाचा पत्ताच झाला. परगावचा सर्व्हर शेपूट पाहून चौकशी घरच्या सर्व्हरकडे धाडतो. घरच्या यादीत मात्र नुसते 'पाटील' असते. म्हणून घरचा सर्व्हर शेपूट कापतो आणि उरलेले नाव शोधतो. काही सर्व्हर मोठी अक्षरे लहान करतात, काही चुकून पडलेली मोकळी जागा काढून टाकतात. संस्थेची नावेही बदलतात. जळगावचे विद्यापीठ 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झाले, आणि 2018 साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव जोडले गेले. एखाद्या संस्थेने नावाबरोबर शेपूटही बदलले, तर सवयीने जुने लिहिणाऱ्यास दारातून परत न धाडता सर्व्हरनेच नवे शेपूट लावून घेणे हा शहाणपणा होय.

पण यात धोके आहेत. पहिला धोका खानदेशी मनुष्यास समजावून सांगावयास नको. जळगावच्या संस्थेत एक पाटील, धुळ्याच्या संस्थेत दुसरे पाटील. दोघांचा सर्व्हर एकच आहे आणि त्याने डोळे मिटून शेपटे कापली, असे समजा. दोघे मिळून एक पाटील झाले! मग एकाचे दार दुसऱ्याच्या नावाने उघडेल, किंवा एकाचे कृत्य दुसऱ्याच्या माथी बसेल.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. मायक्रोसॉफ्टची जी पद्धत जानेवारी 2000 मध्ये नियमपत्रात प्रसिद्ध झाली, तिच्यात पासवर्ड उघडा जात नाही. त्याच्या आधाराने गणित करून एक उत्तर जाते, आणि त्या गणितात वापरणाऱ्याचे नावही मिसळलेले असते. वाटेत कोणी ते नाव बदलले, तर पासवर्ड अचूक असूनही उत्तर जुळत नाही. जुन्या पत्रावरील मुद्रेतच धन्याचे नाव कोरलेले असावे आणि मजकुरात मात्र कोणी दुसरे नाव घालावे, तसे हे होते. मुद्रा खरी, पण पत्र खोटे ठरते. आणि बिचारा खरा मनुष्य बाहेर उभा राहतो.

यावर अनुभवाने उपाय सापडला. 1999 साली सुरू झालेल्या फ्रीरेडियस या सर्वांस मोफत असलेल्या सर्व्हरात आलेले नाव न खोडता, कापलेले नाव शेजारी निराळ्या रकान्यात लिहिण्याची सोय आहे. जून 2000 च्या सुधारित नियमाने आणखी एक सभ्य रीत सांगितली. सर्व्हरने 'येऊ द्या' म्हणताना वाटल्यास आपल्या पसंतीचे नाव कळवावे आणि दारावरच्या यंत्राने त्या भेटीचा हिशेब त्याच नावाने लिहावा. थोडक्यात, बदल करावयाचा तो सांगून करावा आणि मूळ नाव राखून करावा.

धुळेकरांस ही शिस्त नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागद मिळवून छापण्यात आयुष्य वेचले. 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांचा देह याच धुळ्यात पडला, आणि 1927 साली येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद छापताना संपादकास एखादे नाव अशुद्ध वाटले, तर तो मूळ वाचन तसेच ठेवतो आणि शुद्ध रूप शेजारी देतो. कारण आज जी चूक वाटते, तीच उद्या पुरावा ठरण्याचा संभव असतो.

सर्व्हर चालविणाऱ्या तरुणांनी हाच धडा घ्यावा. यादीत शोधण्याच्या सोयीसाठी नाव बदलण्यास हरकत नाही. पण उद्या कोणी 'त्या रात्री आत कोण आले होते?' असे विचारले, तर दारावर उच्चारलेले नाव अक्षरशः दाखविता आले पाहिजे. शहाद्याच्या गृहस्थांना आपण नंदुरबारचे खुशाल म्हणावे. त्यांच्या दाखल्यावरचे 'पश्चिम खानदेश' मात्र कोणी खोडू नये.