नोंदीचे आयुष्य

नोंद ठेवणे शासनाला साधते. ती कधी पुसावी हे ठरवणे अवघड जाते. नोंद दोन वर्षांच्या मुलाची असेल, तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. या संदर्भात अमेरिकेतील अनुभव अभ्यासण्यासारखा आहे.

१९६० च्या दशकात तेथील शाळा विद्यार्थ्यांच्या फायलींत गुणांबरोबरच बुद्धिमापनाचे निष्कर्ष आणि वर्तणुकीवरील शेरे जपून ठेवीत. पालकांना या फायली बहुधा पाहता येत नसत. बाहेरच्या यंत्रणांना मात्र त्या दाखवल्या जात. सिनेटर जेम्स बकली यांच्या पुढाकाराने १९७४ साली 'फर्पा' हा कायदा झाला. त्याने पालकांना नोंद पाहण्याचा आणि तीत दुरुस्ती मागण्याचा अधिकार दिला. काही अपवाद वगळता नोंद इतरांना देण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक केली.

अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ मध्ये आला. १९८६ च्या दुरुस्तीने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप सेवा सुरू झाल्या. या सेवांच्या नोंदींत केवळ बालकाचा विकास नसतो. कुटुंबाच्या गरजा आणि चिंताही असतात. म्हणून नियमांनी दोन गोष्टी केल्या. मूल तिसऱ्या वर्षाकडे येताना शिक्षण यंत्रणेला फक्त नाव, जन्मतारीख आणि पालकांचा संपर्क कळवायचा. मूल्यमापनाचे कागद पालकांच्या संमतीनेच पुढे जातात. दुसरे, सेवेसाठी गरज उरली नाही की पालकांनी मागणी केल्यास नोंद नष्ट करायची.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथे झाला आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना रुजू लागली. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व मांडले. तरीही शीघ्र हस्तक्षेपाची नोंद शाळेच्या दाराशी पोहोचली की तिचे काय करावे, याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

बोलायला उशीर झालेले मूल सहाव्या वर्षी अस्खलित बोलत असते. शिक्षकाने त्याचे बोलणे ऐकण्याआधी जुना शेरा वाचला, तर साहाय्यासाठी केलेली नोंद शिक्क्यासारखी चिकटते. याउलट, दुसऱ्या एखाद्या मुलाला तेच कागद पुढील उपचारासाठी किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी उपयोगी पडतात. म्हणून सरसकट जतन नको आणि सरसकट नाशही नको. निवड पालकांची असावी.

मुदत संपलेले अभिलेख छाननी करून नष्ट करण्याची पद्धत आपल्या कार्यालयांना नवी नाही. जी शिस्त आपण जुन्या पत्रव्यवहाराला लावतो, तीच बालकांच्या नोंदींना लावावी. शाळाप्रवेशाच्या वेळी पालकांना एवढेच विचारावे: यातले पुढे काय न्यायचे आणि काय येथेच संपवायचे? मदतीला मुदत असते. तिच्या नोंदीलाही ती असावी.