परिचारिकांच्या मुखातून इतिहास

रुग्णालयाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे प्रथम हाती येतात ती इमारतींची वर्षे, देणगीदारांची नावे आणि डॉक्टरांची चरित्रे. रात्रभर रुग्णाच्या उशाशी जागणारी परिचारिका हजेरीपटातील एका नावापुरतीच उरते. तिचा इतिहास तिच्याच मुखातून ऐकावा लागतो. ब्रिटनमधील एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. उपचार विनामूल्य झाले. परंतु परिचारिका अपुऱ्या पडल्या. तेव्हा आयर्लंड, जमैका, बार्बाडोस अशा निरनिराळ्या भूमींतील तरुणी तेथे शिकावयास व सेवेस आल्या. परिचारिकांच्या याद्या मात्र दोन होत्या. तीन वर्षे शिकणारीचे नाव मुख्य यादीत जाई. दोन वर्षे शिकणारीचे, १९४३ च्या कायद्याने निघालेल्या दुय्यम यादीत. दुय्यम यादीतील स्त्रीस बढतीची वाट अरुंद असे आणि मायदेशी त्या पात्रतेस बहुधा मान्यता नसे.

अमुक मुलगी दुय्यम यादीत होती, एवढे दप्तर सांगते. ती तेथे का गेली, हे ते सांगत नाही. उतारवयात ध्वनिमुद्रित झालेल्या आठवणींत त्याचा उलगडा होतो. हा भेद आपणांस आरंभी कोणी समजावून दिलाच नाही, असे परदेशांतून आलेल्या अनेकींनी सांगितले आहे. काळ्या हाताचा स्पर्श नाकारणारे रुग्णही त्यांच्या स्मरणात आहेत.

तथापि एकीची कहाणी ती सर्वांची कहाणी नव्हे. १९५१ मध्ये ब्रिटिश गियानातून आलेल्या डॅफ्नी स्टील या १९६४ मध्ये यॉर्कशायरमधील एका रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. म्हणूनच नाना देशांच्या, वर्णांच्या व धर्मांच्या स्त्रियांस बोलते करावे लागते. स्मृती सनावळीत चुकते. ती दप्तराशी ताडून पाहावी. दप्तर कारणांविषयी मुके असते. तेथे स्मृतीस विचारावे. सांगणारीची संमती घ्यावी, आणि रुग्णांची नावे गुप्तच राखावी.

आपल्या भागातही हे कार्य व्हावयास हवे. मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये स्थापिलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांतून पिढ्यान् पिढ्या परिचारिका शिकून बाहेर पडल्या. त्या कोणत्या घरांतून आल्या, घरच्यांनी त्यांस अडविले की आशीर्वाद दिला, हे त्याच सांगू शकतील. आपल्या शेजारी अशी एखादी वृद्धा राहत असेल, तर तिच्यापाशी बसावे आणि तिला बोलू द्यावे. कागद आणखी काही वर्षे टिकेल. तिचा आवाज थांबणार नाही.