सार्क, बंगळुरू परिषद आणि भारतातील सर्वपक्षीय सहमती

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना अर्थात ‘सार्क’ची दुसरी शिखर परिषद १६ आणि १७ नोव्हेंबर १९८६ रोजी बंगळुरू येथे झाली. केंद्रात तेव्हा राजीव गांधी यांचे काँग्रेस सरकार होते, तर कर्नाटकात जनता पक्षाचे रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री होते. देशांतर्गत राजकारणातील हे दोन प्रतिस्पर्धी परिषदेच्या निमित्ताने मात्र एकाच बाजूला उभे होते.

अशा संघटनेची कल्पना बांगलादेशचे अध्यक्ष झिया-उर-रहमान यांनी १९८० मध्ये मांडली. लहान शेजारी देश आपल्याविरुद्ध एकत्र येतील, या शंकेने दिल्लीने प्रथम सावध पवित्रा घेतला होता. अखेर ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सात देशांनी सनदेवर स्वाक्षऱ्या केल्या. शेजाऱ्यांशी सलोखा हे १९७७ ते १९७९ या काळातील जनता सरकारचेही धोरण होते. त्यामुळे विरोधकांना या निर्णयात परके वाटावे असे फारसे काही नव्हते.

आंतरराष्ट्रीय करारासाठी संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन भारतीय राज्यघटनेत नाही. तो केंद्र सरकारच्या अधिकारातील विषय आहे. कायदा करणे आवश्यक ठरते, तेव्हाच प्रश्न संसदेपुढे येतो. दहशतवादविरोधी सार्क करारासाठी १९९३ मध्ये असा कायदा झाला. सार्कविषयीची सहमती त्यामुळे एखाद्या मतदानापेक्षा सरकारे बदलल्यानंतरच अधिक स्पष्ट दिसते. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा ‘साफ्टा’ करार जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबाद येथे अटलबिहारी वाजपेयी यांच्या कार्यकाळात झाला आणि १ जानेवारी २००६ रोजी तो अंमलात आला, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग होते.

सार्कचे सचिवालय काठमांडू येथे स्थापन करण्याच्या सामंजस्य करारावर बंगळुरू येथेच स्वाक्षऱ्या झाल्या. जानेवारी १९८७ मध्ये ते सुरू झाले. सदस्य देशांच्या आकाशवाणी व दूरचित्रवाणी कार्यक्रमांची देवाणघेवाण, पर्यटन आणि शिष्यवृत्त्या यांनाही परिषदेने मान्यता दिली. हे विषय किरकोळ वाटतील. पण वादाचे विषय सनदेनेच बाहेर ठेवले होते. सर्व निर्णय एकमताने घ्यावेत आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेला घेऊ नयेत, असे तिच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. श्रीलंकेतील तमिळ प्रश्न त्या दोन दिवसांत बंगळुरूमध्ये सर्वाधिक गाजत होता. राजीव गांधी आणि अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी त्यावर परिषदेच्या कामकाजाबाहेर चर्चा केली.

देशातील पक्षांची सहमती टिकली. अडचण आली ती देशादेशांतील एकमताची. २०१४ मध्ये काठमांडूच्या परिषदेला पंतप्रधान नरेंद्र मोदी उपस्थित होते. सप्टेंबर २०१६ मधील उरी येथील दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने इस्लामाबाद परिषदेत सहभागी होण्यास नकार दिला. बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान यांनीही तोच निर्णय घेतल्याने ती होऊ शकली नाही, आणि त्यानंतर एकही शिखर परिषद झालेली नाही.

सहकार्य पूर्णपणे थांबले असे मात्र नाही. बंगळुरू येथे मुख्यालय असलेल्या इस्रोने ५ मे २०१७ रोजी शेजारी देशांसाठीचा उपग्रह प्रक्षेपित केला. ‘सार्क उपग्रह’ म्हणून मांडलेल्या या योजनेतून पाकिस्तान बाहेर राहिला आणि उपग्रहाला ‘दक्षिण आशिया उपग्रह’ असे नाव मिळाले.