कौशेय आणि रेशीम : शब्दांच्या आधारे एक विचार

रेशमाचा इतिहास सांगताना चीनपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे आणि तो निराधार नाही. तुतीच्या पाल्यावर पोसलेला किडा माणसाळवून त्याच्या कोशाचा अखंड धागा उकलण्याची कला चिनी लोकांनी पूर्णत्वास नेली, हे निर्विवाद होय. परंतु एवढ्यावरून भारतातील सर्व प्राचीन रेशीम चीनमधूनच आले असे अनुमान काढले जाते, तेव्हा मात्र शब्दांची साक्ष विचारात घेणे अवश्य ठरते.

संस्कृतात रेशमी वस्त्राला 'कौशेय' म्हणतात. हा शब्द 'कोश' यापासून साधला असून त्याच्या सिद्धीसाठी पाणिनीने अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र दिले आहे. हे सूत्र 'तेथे संभवलेले' या अर्थाच्या प्रकरणात येते. त्यावर वार्तिककार कात्यायनाने आक्षेप घेतला, तो असा की, वस्त्र काही कोशात संभवत नाही. ते कोशाचा विकार होय, म्हणून हा प्रत्यय विकाराच्या अर्थी सांगावयास हवा. हा वाद व्याकरणाचा असला तरी त्यातून एक ऐतिहासिक गोष्ट स्पष्ट होते. वस्त्र कोशापासून होते, हे या वैयाकरणांना ठाऊक होते. याउलट रोममध्ये पहिल्या शतकातील प्लिनीसारखा बहुश्रुत लेखकही, चीनकडील हे तंतू झाडाच्या पानांवरून काढले जातात, असे समजत होता. दुरून आलेल्या मालाविषयी असा गैरसमज सहज होतो. डोळ्यांसमोर चालणाऱ्या धंद्याविषयी होत नाही.

पाली विनयपिटकातील एक नियम याला पुष्टी देतो. रेशीम मिसळलेले आसन भिक्षूने करवून घेऊ नये, असा तो नियम आहे. त्यामागील कथेत काही भिक्षू रेशीमकारांकडे जाऊन पुष्कळ किडे उकळण्यास सांगतात आणि थोडे रेशीम मागतात. त्यावर ते कारागीर म्हणतात की, आपण पोटासाठी, बायकामुलांसाठी हे जीव मारतो. त्यांनी का मारवावेत? कोश उकळण्याची रीत आणि तिच्यातील हिंसेची जाणीव या दोन्ही गोष्टी येथे एकत्र दिसतात.

देशी आणि परदेशी मालातील भेदही ग्रंथकारांना ज्ञात होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मगध, पुंड्र व सुवर्णकुड्य येथील 'पत्रोर्णा' आणि ज्या झाडांवर ती मिळते त्यांची नावे येतात. त्याच ओघात कौशेय आणि चीनभूमीतील 'चीनपट्ट' यांचा निर्देश आहे. पुढे कालिदासाच्या शाकुंतलात 'चीनांशुक' भेटते. सर्वच रेशीम चिनी असते तर 'चीन' या विशेषणाचे प्रयोजन उरले नसते. सातव्या शतकात भारतात आलेल्या युआन च्वांग या चिनी यात्रेकरूनेदेखील कौशेय हे वन्य किड्यापासून होते, अशी नोंद केली आहे.

भाषेच्या या साक्षीला पुरातत्त्वाने बळकटी दिली. नेवासे येथील १९५४ ते १९५६ च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांचा दोरा सापडला. त्यात कापसाबरोबर रेशमाचा अंश आढळला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हडप्पा व चन्हूदडो येथे इ. स. पूर्व सुमारे २४५० ते २००० या काळातील रेशीमतंतू मिळाले असून ते वन्य जातींच्या किड्यांचे आहेत. चीनमधील रेशीम याहूनही प्राचीन आहे. तथापि भारतातील वन्य रेशमाची परंपरा स्वतंत्र असावी, असे यावरून दिसते.

दुसरी परंपरा तुतीवरील किड्याची. मराठीतील 'रेशीम' हा शब्द फारसी 'अब्रेशम' यावरून आला आणि 'तुती'चे मूळही फारसी 'तूत' हेच. वस्त्र आणि त्याच्या किड्याचे खाद्य, या दोहोंची नावे एकाच दिशेने यावीत, हे लक्षणीय आहे. या शब्दांमुळे जुने शब्द मागे पडले. नाहीसे मात्र झाले नाहीत. 'पट्ट' हा शब्द रेशमी दोऱ्यात दागिने पटविणाऱ्या पटवेकऱ्याच्या नावात टिकून आहे. मंदसोरच्या शिलालेखात लाट देशातून दशपुरास आलेल्या आणि इ. स. ४३६ मध्ये सूर्यमंदिर बांधणाऱ्या ज्या विणकरांचा वृत्तांत आहे, ते 'पट्टवाय' याच कुळातले. किड्याच्या घराला मराठीत 'कोसला' म्हणतात, आणि भंडारा-गडचिरोलीच्या रानांत ऐनाच्या झाडावर ढिवर लोक जो किडा वाढवितात त्याच्या रेशमाला 'कोसा'. पाणिनीने ज्या 'कोशा'पासून कौशेय साधले, त्याचीच ही लोकभाषेतील रूपे होत.

सोवळ्यासाठी नेसावयाचा मुकटा रेशमाचा असतो आणि तो पवित्र मानला जातो. 'रेशीम' या शब्दातून त्याचे मूळ कळत नाही. 'कौशेय' व 'कोसा' हे शब्द मात्र तो धागा एका जिवाच्या घरातून आला आहे, याचे स्मरण देतात. वन्य रेशमाला दुय्यम लेखण्याची प्रवृत्ती व्यापारात रूढ आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता या भूमीतील रेशमाचा ज्येष्ठ वारसा त्याच्याकडेच जातो.