फसवणुकीचा एक तास

डिसेंबर १८५७ संपत आला आहे आणि तुम्ही व्हिएन्नाच्या व्होल्त्साइले या रस्त्यावर उभे आहात. फरसबंदी ओली आहे, भाड्याच्या बग्ग्या खडखडत जात आहेत, आणि जवळच सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलचा मनोरा अंधारात नुसता काळाकभिन्न दिसतो आहे. गॅसच्या दिव्याखाली थांबलेल्या माणसांच्या तोंडी एकच विषय आहे. नाताळच्या दिवशी ‘वीनर त्सायटुंग’मध्ये सम्राट फ्रान्त्स योझेफ यांचे पत्र छापून आले : शहराभोवतीचा तट पाडायचा. १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा ज्याच्यावर येऊन अडला, तो तट. तुम्ही हिंदुस्थानातून आलात हे कळले तर एखादा दिल्लीची हकिगत विचारील. तिथल्या लढाईच्या बातम्या यंदा इथपर्यंत पोचल्या आहेत. चार शब्दांत उत्तर द्या आणि जिना चढा. आत शिरायला उशीर झालेला बरा दिसणार नाही.

ही बैठक विल्हेल्मिने बेर्गमान या बाईंच्या नावाने भरते. खेळ करणार आहेत त्यांचे यजमान, योहान नेपोमुक होफ्त्सिन्झर. वय एक्कावन्न, नोकरी सरकारी, खाते वित्ताचे. सरकारी माणसाने पैसे घेऊन जादू दाखवावी हे साहेब लोकांना रुचणारे नाही, म्हणून पाहुण्यांना बोलावणे जाते ते पत्नीच्या नावाने. आठवड्यातून तीन संध्याकाळी हे दार उघडते. कार्यक्रमाचे नाव त्यांनी ठेवले आहे ‘फसवणुकीचा एक तास’. तुमची फसवणूक होणार हे आधीच सांगून ठेवले आहे आणि तरीही तुम्ही नीटनेटका पोशाख करून आला आहात. सगळी खोली याच करारावर बसली आहे.

खोलीत रंगमंच नाही, पडदा नाही. एक टेबल, दिवे, मेणबत्त्या, आणि हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ मांडलेल्या खुर्च्या. याच शहरात लुडविग डोब्लर यांनी मोठमोठी नाट्यगृहे भरवली. पिस्तुलाचा एक बार काढला की रंगमंचावरच्या दोनशे मेणबत्त्या एकदम पेटायच्या आणि प्रेक्षागृह उठून उभे राहायचे. पॅरिसमध्ये रोबेर-ऊदँ यांनी १८४५ पासून यांत्रिक करामतींचे स्वतःचे थिएटर चालवून दाखवले. होफ्त्सिन्झर यांनी दुसरी वाट धरली. नाट्यगृहातले गाणे आणि घरातल्या बैठकीचे गाणे यांत जो फरक, तोच इथे आहे. बैठकीत गायकाचा श्वास ऐकू येतो, आणि श्रोत्याची मान हलली की नाही हे गायकालाही दिसते. इथे लपायला जागा नाही. तुम्हालाही नाही, त्यांनाही नाही.

ते तुमच्यासमोर येऊन अदबीने झुकतात. हातात पत्त्यांचा कॅट.

तो कॅट नीट पाहून घ्या, पुन्हा असा हाताला लागणार नाही. पत्ते तुमच्या घरच्या पत्त्यांपेक्षा जाड आहेत, प्लास्टिकचा गुळगुळीतपणा त्यांना नाही, बोटांना कागदाचा खरखरीत स्पर्श होतो. कोपऱ्यात आकडा नाही, चिन्ह नाही. ती सोय अजून रुळायची आहे. त्यामुळे पत्ता ओळखायचा तर तो पुरता बघावा लागतो, कोपऱ्यातून डोकावून भागत नाही. सत्ती असेल तर सात ठिपके डोळ्यांनी टिपावे लागतात. बघणाऱ्याचे डोळे एका पत्त्यावर क्षणभर जास्त खिळतात, आणि तेवढ्या क्षणात जादूगाराच्या हातांना पुष्कळ काम उरकता येते.

“एक पत्ता घ्यावा,” ते म्हणतात. पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जातात. घाई नाही. तुम्ही मुद्दाम मधला टाळता, टोकाचाही टाळता, आणि मनाला येईल तो ओढता. चौकटची सत्ती. शेजारच्या बाईंना दाखवता. पत्ता परत कॅटमध्ये जातो, कॅट पिसला जातो. तुमची नजर त्यांच्या बोटांवरून हललेली नाही, याची तुम्हाला खात्री आहे.

आता ते बोलू लागतात. आवाज चढा नाही. शब्द मोजके, लय कवितेची. आपले प्रत्येक वाक्य ते आधी लिहून, घासूनपुसून आणतात. चंचल माणसाचे, कुठेही असणाऱ्या आणि कुठेच नसणाऱ्या माणसाचे काहीतरी ते सांगत असतात, आणि सांगता सांगता तीन पत्ते टेबलावर मांडतात. एकेक उलटून दाखवतात. यांत तुमचा पत्ता आहे का? नाही. तिन्ही पत्ते पालथे. मग ते पहिला उचलतात : चौकटची सत्ती. खोलीत हलकीशी कुजबुज. ती बाजूला सारून दुसरा उचलतात : चौकटची सत्ती. तिसरा : तीच. शेजारच्या बाईंनी तुमची बाही धरली आहे, हे तुमच्या उशिरा लक्षात येते. ते तिन्ही पत्ते पुन्हा पालथे करतात, एक वाक्य बोलतात, आणि तुम्हालाच उलटायला सांगतात. तुम्ही उलटता. एकही सत्ती नाही. तुम्ही स्वतःच्या हातांनी उलटून पाहिले आहे, आता दाद कुणाकडे मागणार?

या खेळाचे नाव ‘सगळीकडे आणि कुठेच नाही’. जवळून बघायच्या जादूतले इतके नेटके नाव मला दुसरे माहीत नाही.

क्षणभर काळ थांबवू या. हे शतक उलटून गेल्यावर कळलेल्या दोन गोष्टी तुम्हाला इथे सांगायच्या आहेत, कारण त्या कळल्या तरी समोरच्या माणसाची उंची कमी होत नाही. एक म्हणजे तो पत्ते पसरण्याचा प्रकार. पत्ते हातातून हातात सरकत असताना वरून दिसतो तो सरळ पंखा. खाली, पंख्याच्या आडोशाला, उजव्या हाताची बोटे हवा तो एक पत्ता अलगद ओढून घेतात. पंखा मिटतो तेव्हा तो पत्ता हव्या त्या जागी जाऊन बसलेला असतो. कुठे खटका नाही, धक्का नाही. पत्ते पसरले आणि मिटले, एवढेच दिसते. ही युक्ती आजही जगभरचे जादूगार होफ्त्सिन्झर यांच्याच नावाने ओळखतात. दुसरी गोष्ट म्हणजे हातातला पत्ता कॅटवरच्या पत्त्याशी भर उजेडात बदलणे. ते तुम्हाला एखादा प्रश्न विचारतात, तुम्ही उत्तर द्यायला वर त्यांच्या तोंडाकडे बघता. सुसंस्कृत माणूस प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडेच बघतो. दोन हात जवळ येतात, दूर होतात, आणि पत्ता बदललेला असतो. म्हणजे तुमचा डोळा चुकला नाही. तुमची शालीनता त्यांना उपयोगी पडली.

यापलीकडे ते पत्तेही स्वतः तयार करतात. कागदाचे थर सोडवून, दोन पत्त्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटवून. दिवसभर कचेरीत फायली हाताळणारा हा माणूस फावल्या वेळात डिंक आणि चाकू घेऊन बसतो आणि पत्त्याची कड जराही जास्त जाड होणार नाही याची काळजी घेतो. बोटांच्या तालमीबद्दल सगळे बोलतात. मला या कामाबद्दल जास्त आदर वाटतो. ते कुणाला कधीच दिसायचे नसते, आणि नीट झाले तर त्याची दादही मिळत नाही.

काळ पुन्हा चालू करू या. आता चार एक्के.

या वेळी पत्ता ओढायचा मान शेजारच्या बाईंचा. ‘ग्नेडिगे फ्राऊ’ अशा आर्जवी संबोधनाने त्यांना विनंती होते. त्या बदामाची नव्वी घेतात, ती कॅटमध्ये हरवते. चार एक्के टेबलावर मांडले जातात : इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर. तुम्ही चारही पाहिलेत. मग ते पालथे होतात. होफ्त्सिन्झर बाईंना विचारतात, आपला पत्ता कोणत्या रंगाचा? बदाम, त्या म्हणतात. बदामाचा एक्का उलटला जातो, आणि तिथे बदामाची नव्वी आहे. टाळी वाजण्याआधीच ते कॅट टेबलावर पसरतात. सगळे पत्ते पालथे, मधोमध एकच उताणा. बदामाचा एक्का.

या वेळी टाळी लगेच पडत नाही. आधी माणसे हसतात. खोलीभर, एकमेकांकडे बघत, लहान पोरांसारखे हसतात. वाड्यात वाढलेला एखादा सरदार आणि त्याच्या मागच्या खुर्चीवरचा व्यापारी एकाच क्षणी एकाच गोष्टीने निरुत्तर झाले आहेत, आणि त्याचे त्यांना दुःख नाही. नाट्यगृहात दोनशे मेणबत्त्या पेटल्या तर लांबून बघणारा म्हणतो, असेल काही यंत्र. इथे यंत्राला जागाच नाही. पत्ता तुम्ही निवडला, रंग बाईंनी सांगितला, उलटायला हात तुमचा. जादू जिथे घडली ती जागा म्हणजे तुमचाच तळहात. जवळच्या जादूची सगळी ताकद इथे आहे, आणि म्हणूनच मला ती मोठ्या रंगमंचावरच्या जादूपेक्षा अवघड आणि थोर वाटते. मोठ्या रंगमंचावर प्रेक्षकाची नजर फसवली की भागते. इथे प्रेक्षकाला कारस्थानात सामील करून घ्यावे लागते, आणि तेही त्याचा मान कुठे दुखावू न देता. होफ्त्सिन्झर तुम्हाला एकदाही खजील करत नाहीत. तुमच्या बावळटपणावर एकही विनोद नाही. फसलेला माणूस पाहुणा आहे, हे ते त्या तासात क्षणभरही विसरत नाहीत.

तास संपतो. यजमानीणबाई दारापर्यंत येतात. तुम्ही ओव्हरकोट चढवता, जिना उतरता, आणि स्वतःच्या काळात परत येता.

पुढचे थोडक्यात. मार्च १८५८ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली, आणि त्या जागी पुढे रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता झाला. होफ्त्सिन्झर ११ मार्च १८७५ रोजी गेले. त्यांनी स्वतः पुस्तक लिहून मागे ठेवले नाही. त्यांच्या सांगण्यावरून पत्नीने टिपणे जाळून टाकली, असे जादूगारांमध्ये सांगितले जाते. जे वाचले ते शिष्यांच्या हातांत, पत्रांत आणि आठवणीत वाचले. जॉर्ज हॉइबेक हे त्यांपैकी एक शिष्य. ओटोकार फिशर या व्हिएन्नाच्याच जादूगाराने हे तुकडे वेचले. होफ्त्सिन्झर गेले तेव्हा फिशर दोन वर्षांचेही नव्हते. ज्या हातांबद्दल लिहायचे ते हात त्यांनी कधी पाहिलेच नाहीत. तरी त्यांनी १९१० मध्ये ‘कार्टेनक्युन्स्टे’ हे पुस्तक काढले, आणि १९३१ मध्ये एस. एच. शार्प यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ते जर्मन न येणाऱ्या जादूगारांपर्यंत गेले. एक्क्यांच्या त्या खेळाची आपापली उकल पत्त्यांचे जादूगार आजही शोधत असतात.

तेव्हा एखाद्या लग्नघरात, गाडीत, गणपतीच्या मांडवामागे कुणी पोरगा कॅट पुढे करून “एक पत्ता काढा” म्हणाला, तर मोबाइल खाली ठेवा आणि काढा. त्या पोराने त्या एका मिनिटासाठी कित्येक रात्री आरशासमोर घालवलेल्या असतात. युक्ती तुमच्या लक्षात आली, तरी ती तिथल्या तिथे मोठ्याने सांगू नका. शेजारी बसलेल्या माणसाचा पत्ता अजून हरवलेला असतो, आणि तो सापडताना बघायचा त्याचा हक्क तुम्ही हिरावून घेऊ नका.