थंड हवेसाठी घर हलवावे काय? माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी आणि आमच्या घरातील एक प्रश्न

१/ गेल्या मे महिन्यात मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधील आमच्या घरी रोज रात्री जेवताना एकच विषय निघे : ही सदनिका विकून पाचगणीला कायमचे राहावयास जावे काय? आजीला उकाडा सोसवत नाही. खाडीकडून येणारी दमट हवा मध्यरात्रीही अंग कोरडे होऊ देत नाही. बाबांची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे.

२/ मी इतिहासाची विद्यार्थिनी. बाबा म्हणाले, "पूर्वी लोकांनी हे कसे ठरवले, ते तरी शोधून सांग." हा धागा त्या शोधाचा आहे. थोडा लांब आहे, पण शेवटपर्यंत यावे, ही विनंती.

३/ आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाहून डोंगर चढून गेले आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आले. साष्टीतील मिठागरांची आपली गावेही त्याच ठाणे जिल्ह्यात मोडत. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात तेथे वस्तीची आखणी झाली.

४/ माथेरानचा 'शोध' लागला, असे पुस्तकांत छापलेले असते. ते सावधपणे वाचावे. त्या रानात धनगर, ठाकूर आणि कातकरी आधीपासून वावरत होते. त्यांना वाटा ठाऊक होत्या, पाणी कोठे मिळते तेही ठाऊक होते. मॅलेट यांना सापडली ती जागा नव्हे, तर त्या जागेचा एक नवा उपयोग.

५/ या उपयोगामागचे गणित सोपे आहे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पायथ्यापेक्षा पाचेक अंश थंड. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ अंश. एवढ्या फरकासाठी माणसांनी राज्यकारभाराचे दप्तर डोंगरावर चढवले.

६/ महाबळेश्वरची कथा याहून जुनी. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेतील अधिकारी लॉडविक तेथे चढून गेले. १८२६ मध्ये रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या सांगण्यावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून रस्ता करून दिला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे आजारी लोकांसाठी आरोग्यस्थान उभारण्याचे ठरवले.

७/ १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी महाबळेश्वरची जागा कंपनीला दिली आणि बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. नव्या वस्तीचे नाव पडले माल्कम पेठ. पुढे दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. दुसऱ्यांना थंड डोंगर देणाऱ्या राजाचे अखेरचे उन्हाळे गंगेकाठच्या तापत्या मैदानात गेले. स्थलांतर कोणाच्या इच्छेने होते, हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारावा लागतो.

८/ डोंगरावरची ही सोय कोणाच्या कष्टावर उभी होती, तेही पाहू. १८३४ मध्ये महाबळेश्वरी तुरुंग बांधला गेला. सागरापलीकडून आणलेले चिनी व मलायी कैदी तेथे ठेवले जात. साहेबांच्या टेबलावरचा भाजीपाला आणि बटाटे या कैद्यांच्या मळ्यांतून येत. १८६४ मध्ये हा तुरुंग बंद झाला, पण भाजी पिकवण्याची त्यांची रीत मागे राहिली. हवापालटाचा आनंद एकाचा, आणि घरापासून हजारो कोसांची ताटातूट दुसऱ्याची.

९/ आता आमच्या घराच्या प्रश्नाशी थेट भिडणारी गोष्ट. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनच्या मध्याला साहेबलोक बंगले बंद करून खाली उतरत, आणि मागे राहणारे आपली घरे गवताने शाकारून घेत. मुंबई सरकारचे वर्षच त्यामुळे तीन ठिकाणी वाटलेले होते : उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यास, हिवाळा मुंबईस.

१०/ वर्षभर राहता येईल अशी जागा हवी, या गरजेतून पाचगणी घडली. महाबळेश्वरपासून ती अवघ्या अठरा-वीस किलोमीटरांवर आहे, पण पूर्वेला असल्याने पाऊस तेथे बराच कमी. १८६० च्या सुमारास जॉन चेसन यांनी ही वस्ती वसवली, झाडे लावली आणि तेथेच घर केले. गव्हर्नर ऋतूप्रमाणे येत-जात राहिले. चेसन मात्र डोंगरावरच राहिले आणि तेथल्याच मातीत विसावले.

११/ पण चेसन यांच्यासारखे थोडे. पाचगणीला पुढे गर्दी झाली ती दोन प्रकारच्या माणसांची : शाळकरी मुले आणि रोगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे निवासी शाळा निघू लागल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर तेव्हा नेमके औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता.

१२/ हेच देवळालीतही दिसते. बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने आपली भायखळ्याची शाळा १९२५ मध्ये देवळालीला नेली. तीच बार्न्स स्कूल. मुले वर गेली आणि पोटापाण्यापायी आईबाप खालीच राहिले. सधन इंग्रज कुटुंबे तर मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याला विलायतेला धाडत. पुढे कित्येक वर्षे आई मुलाला पत्रांतूनच भेटे.

१३/ येथे मला माझ्या शोधाचे सूत्र सापडले. थंड हवेसाठी संपूर्ण कुटुंब क्वचितच हलले. हलला तो कुटुंबाचा एक तुकडा. कधी मूल, कधी रोगी, कधी नुसती कारभाराची दप्तरे. सरकारालाही ते साधले नाही. १८६४ पासून सिमला हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाली, तरी दरसाल खाली उतरावे लागेच.

१४/ यात आपल्या लोकांचीही वाट होती. लोकमान्य टिळक उन्हाळ्यात सिंहगडावर जाऊन राहत. गिरणगावातला चाकरमानी मे महिन्यात कोकणात जाई. तेथे थंडावा फारसा नव्हता, पण विहिरीचे पाणी, आंबा आणि आपली माणसे होती. उन्हाळा हवेनेच हलका होतो असे नाही, सोबतीनेही होतो.

१५/ आणखी एक तारीख. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या उद्योगातून नेरळ-माथेरान गाडी धावू लागली. त्यापूर्वी वर जायचे तर पायी, घोड्यावर किंवा माणसांच्या खांद्यावर. वर पोहोचल्यावर माणसाने ओढलेली रिक्षा त्यानंतरही शतकभर टिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आदेश दिले.

१६/ आणि डोंगराचेही काही म्हणणे आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. आपण सारेच उन्हाला भिऊन वर गेलो, तर ज्या झाडांमुळे तेथे गारवा आहे, तीच आपल्या घरांसाठी पडतील.

१७/ हे सारे मी घरी वाचून दाखवले. बाबांनी खर्चाचे विचारले, आईने दवाखान्याचे. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, त्या साहेबांना पावसाळ्यात खाली उतरायला पुणं होतं. घर विकल्यावर मी कुठे उतरू? आणि आषाढात धुक्यात मला भेटायला कोण येणार?"

१८/ दोनशे वर्षांच्या कागदपत्रांतून जे निघाले, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. घर हलवण्यापूर्वी विचारायचे प्रश्न हवेविषयी कमी आणि माणसांविषयी अधिक आहेत. कोण जाणार? कोण मागे राहणार? किती महिने? वर आपले ओझे कोण वाहणार? परतीची वाट उघडी राहील काय?

१९/ आमचा निर्णय असा झाला : घर विकायचे नाही. एप्रिल-मेचे सहा आठवडे आजी आणि आई पाचगणीला भाड्याच्या खोलीत राहतील. बाबा आणि मी शनिवार-रविवारी जाऊ. पहिल्या पावसाआधी सारे परत. म्हणजे आम्हीही कुटुंबाचा तुकडाच हलवतो आहोत, फक्त डोळे उघडे ठेवून. बेव्हर्ली पार्कच्या गच्चीवर यंदा पांढरा चुना लावायचा, हे सोसायटीच्या सभेत मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

२०/ आपल्या घरातील कोणी हवेसाठी, आजारासाठी वा शाळेसाठी डोंगरावर गेले होते काय? पणजोबांची पत्रे, आजीच्या आठवणी, एखादे जुने छायाचित्र असेल तर खाली अवश्य लिहा. गव्हर्नरांच्या नोंदी दप्तरखान्यात सुरक्षित आहेत. मागे राहिलेल्या माणसांच्या नोंदी आपल्याच घरांत सापडतील. धागा समाप्त.